गावात परमिट रूमचा अर्ज: ठरावापासून आदेशापर्यंत या सेवेचं परीक्षण

विदर्भातल्या खेड्यात परमिट रूम किंवा बिअर शॉपीचा अर्ज कसा निकाली निघतो, हे बहुतेकांना बोर्ड लागल्यावरच कळतं. अर्जदार समजतो की सगळा खेळ साहेबांच्या सहीचा. गाव समजतं की सगळं मुंबईत ठरतं. प्रत्यक्षात छाननी राज्य उत्पादन शुल्क विभाग करतो, आदेश जिल्हाधिकारी काढतात, आणि तो आदेश ज्या दोन कागदांवर उभा राहतो ते दोन्ही गावातच तयार होतात. एक ग्रामसभेचा ठराव, दुसरा जागेच्या अंतराचा पंचनामा. हे परीक्षण लिहिताना अर्जदार आणि आक्षेप घेणारं गाव, दोघांनाही या सेवेचे ग्राहक धरलं आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: नियम बऱ्यापैकी नेमके आहेत, वरच्या टेबलावरचं काम समजण्यासारखं आहे, पण गावपातळीवरचे हे दोन कागद फार ढिले राहतात. दुकान उघडायला जेवढे हात वर व्हावे लागतात, त्याच्या कितीतरी पट हात ते बंद करायला लागतात. या सेवेतला सगळ्यात मोठा दोष तोच आहे.

आधी कोणत्या अर्जाबद्दल बोलतोय ते स्पष्ट असावं. वाईन शॉप म्हणजे एफएल-टू आणि देशी दारूचं दुकान म्हणजे सीएल-थ्री. या दोन्ही प्रकारच्या नव्या अनुज्ञप्ती, म्हणजे परवाने, देणं सत्तरच्या दशकापासून जवळपास थांबलेलं आहे. गावात अचानक देशीचं 'नवं' दुकान दिसलं तर ते बहुतेक वेळा दुसऱ्या गावातून स्थलांतरित झालेलं जुनं दुकान असतं, आणि तिथे आक्षेप नव्या परवान्यावर घेऊन उपयोग नाही, स्थलांतराच्या प्रस्तावावर घ्यावा लागतो. नव्याने मिळतात त्या मुख्यतः दोन: जेवणाच्या हॉटेलला जोडलेली परमिट रूम, म्हणजे एफएल-थ्री, आणि सीलबंद बिअर विकणारी बिअर शॉपी, म्हणजे एफएल/बीआर-टू. परमिट रूमचे नियम 1953 च्या विदेशी मद्य नियमावलीत आहेत, देशी दुकानांचे 1973 च्या देशी दारू नियमावलीत. अर्ज कुठल्या नियमावलीखाली आहे हे न बघता लिहिलेला आक्षेप पहिल्याच टेबलावर बाजूला पडतो.

जिल्हाही बघायचा. वर्धा 1975 पासून आणि गडचिरोली 1993 पासून दारूबंदीत आहेत, त्यामुळे तिथे हा अर्जच नाही. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. म्हणून वैनगंगेच्या अलीकडची सावली-ब्रह्मपुरीकडची गावं, किंवा वर्धा नदीच्या पलीकडे धामणगाव-तिवसा भागातली अमरावती जिल्ह्यातली गावं, यांचं गणित वेगळं असतं. दोन हजार वस्तीच्या गावात दोन बारचे अर्ज आले, तर गिऱ्हाईक गावातलं नाही, बंदी असलेल्या शेजारच्या जिल्ह्यातलं धरलेलं आहे हे समजून घ्यावं. अर्जाची छाननी मात्र जागेची होते, गिऱ्हाईक कुठून येणार याची नाही. सीमेवरच्या गावांना या सेवेत वेगळा निकष नाही आणि तो असायला हवा होता.

आता ठराव. ग्रामीण हद्दीतल्या अर्जाला ग्रामसभेची नाहरकत जोडावी लागते आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते. पहिली चूक अगदी साधी आहे: ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव ग्रामसभेचा म्हणून जोडला जातो. मासिक सभेत निवडून आलेले सात, नऊ किंवा अकरा सदस्य बसतात, ग्रामसभेत गावाचे सगळे मतदार. ठरावाच्या प्रतीवर सभेचा प्रकार, तारीख, ठराव क्रमांक, सूचक आणि अनुमोदक लिहिलेले असतात. सभेचा प्रकार आधी वाचायचा. 'मासिक' असेल तर तो कागद नाहरकत म्हणून चालत नाही, आणि हे अर्जदाराने स्वतःच बघून घेतलेलं बरं. नाहीतर प्रस्ताव त्रुटी लावून परत येतो आणि पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबावं लागतं.

दुसरी चूक विषयपत्रिकेची. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते आणि तिच्यात विषय लिहिलेले असतात. परमिट रूमचा विषय नोटिशीत नसतो आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात तो उरकला जातो, असं पुष्कळदा घडतं. तोवर लोक उठून गेलेले असतात, खुर्चीजवळची चार माणसं हो म्हणतात. कागद दिसायला पूर्ण असतो, पण आक्षेप घेणाऱ्याला याहून सोपा मुद्दा मिळत नाही: नोटिशीची प्रत आणि इतिवृत्ताची प्रत शेजारी ठेवली की विषय कुठून आला ते दिसतं. अर्जदारासाठी सल्ला असा की विषय नोटिशीतच लिहून घ्या, तोही नेमका. 'हॉटेलसाठी नाहरकत' असा मोघम ठराव पुढे अडतो. गट क्रमांक किंवा घर क्रमांक, अर्जदाराचं नाव, आणि 'एफएल-थ्री परमिट रूम' हे शब्द ठरावात आलेच पाहिजेत.

तिसरा मुद्दा गणपूर्तीचा, आणि खरी मेख तिथेच आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. 400 मतदारांच्या गावाला 60 लोक पुरतात. 1,800 मतदारांच्या गावालाही 100 च. म्हणजे तिथे 51 हात वर झाले की बहुमत झालं. आणि 100 लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. सोयाबीन सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा लावली, तर ती तहकूब होणार हे गावात कोणालाही आधीच सांगता येतं. त्यानंतरच्या सभेत मोजकी माणसं बसून ठराव घेतात. कायद्याच्या चौकटीत हे बसतं, आणि नेमकं म्हणूनच ते जास्त खटकतं. गावाच्या पुढच्या वीस वर्षांवर परिणाम करणाऱ्या विषयाला तहकूब सभेची पळवाट ठेवायला नको होती.

महिला सभेचा आधार मात्र कायद्याने दिलेला आहे आणि तो वापरला जात नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. बचत गट असलेल्या गावात ही सभा भरवणं अवघड नाही. तिथे विरोधाचा ठराव झाला, हजेरी नोंदवहीत सह्या-अंगठे आले आणि त्याची साक्षांकित प्रत हातात असली, तर ग्रामसभेच्या उलट ठरावाला मोठा छेद जातो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन प्रत मागा. नाही मिळाली तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागायच्या वस्तू चार: नोटीस, हजेरी नोंदवही, इतिवृत्त, आणि सभा तहकूब झाली असेल तर तहकुबीची नोंद. एवढ्यावरून ठराव कसा झाला ते कळतं.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा, लागू असलेल्या गावांचं चित्र वेगळं आहे. धारणी-चिखलदरा, किंवा यवतमाळमधल्या केळापूर-झरी जामणीकडची अनुसूचित गावं यात येतात. 1996 च्या या केंद्रीय कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा, नियंत्रण आणण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेला दिलेला आहे. तिथे वस्ती-पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. म्हणून ठराव नेमका कोणत्या ग्रामसभेचा हवा, मोठ्या ग्रामपंचायतीचा की त्या पाड्याचा, हा प्रश्न आधी सोडवायचा. मोठ्या गावाच्या ठरावावर पाड्यातली जागा मंजूर करून घ्यायचा प्रयत्न होत असेल, तर तिथे लेखी हरकत नोंदवावी.

ठराव या टप्प्याला पाचपैकी दोन गुण. नियम वाईट नाहीत, पण त्यांना इतक्या सहज बगल देता येते की कष्टाने कागद करणारा आणि पळवाटेने कागद करणारा यांच्यात वरच्या टेबलाला फरकच दिसत नाही.

अर्जाचं बाकी कागदकाम त्या मानाने सरळ आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत जागेची मालकी किंवा भाडेकरार, सातबारा नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना 8, अकृषिक आदेश, बांधकामाची परवानगी, खाद्य परवाना, चारित्र्य पडताळणी, आणि जागेचा नकाशा लागतो. नकाशा म्हणजे ब्लू प्रिंट. त्यात दार, काउंटर, साठ्याची खोली, स्वयंपाकघर आणि बसायची जागा मापासह दाखवायची, चतुःसीमा लिहायच्या. अडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. सातबाऱ्यावर गट एक आणि नमुना 8 वर मालमत्ता दुसरीच, असा मेळ बसत नाही. किंवा वावर वडिलोपार्जित असतं, सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात आणि संमती एकाचीच जोडलेली असते. दोन्ही गोष्टी अर्ज भरण्याआधी तलाठ्याकडे मिटवाव्यात, नंतर त्यात महिने जातात.

मग येते स्थळपाहणी. उत्पादन शुल्क विभागाचे दुय्यम निरीक्षक किंवा निरीक्षक जागेवर येतात, अंतर मोजतात, पंचनामा करतात. परमिट रूमसाठी शाळा, धार्मिक स्थळ आणि एसटीचं स्टँड किंवा आगार यांच्यापासून 75 मीटरची अट आहे. सगळी भांडणं या 75 मीटरवर होतात आणि त्यातली निम्मी भांडणं मोजायची पद्धत माहीत नसल्यामुळे वाया जातात. मोबाइलच्या नकाशावर शाळेपासून बारपर्यंत सरळ रेघ ओढली, 58 मीटर आले, तेवढ्यावर गावाने आक्षेप लिहिला. तो टिकत नाही. नियमाप्रमाणे मोजणी परमिट रूमच्या प्रवेशद्वाराच्या मध्यबिंदूपासून सुरू होते, पायी माणूस नेहमी ज्या सगळ्यात जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने जाते, आणि संस्थेला कंपाउंड असेल तर सगळ्यात जवळच्या फाटकाच्या मध्यावर, नसेल तर इमारतीच्या सगळ्यात जवळच्या दाराच्या मध्यावर संपते. सरळ रेघेत 58 भरलेलं तेच अंतर रस्त्याने वळसा घेऊन 81 होतं आणि अर्ज पास होतो.

दाराची दिशा बदलणं ही यातली नेहमीची युक्ती. इमारत शाळेच्या रस्त्यावर असते, पण नकाशात प्रवेशद्वार मागच्या बोळात दाखवलेलं असतं. वाट लांबते, अंतर भरतं. मंजुरी मिळाल्यावर पुढचं शटर उघडतं. मंजूर नकाशात नसलेलं दार वापरणं हा अनुज्ञप्तीच्या अटींचा भंग आहे. म्हणून गावाने ब्लू प्रिंटची प्रत मिळवून ठेवावी. पुढचं दार उघडलेलं दिसलं की तारखेसह फोटो काढून उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे तक्रार द्यायची, आणि तक्रारीत नकाशातल्या दाराचा उल्लेख करायचा. असा आक्षेप कागदाने सिद्ध होतो. 'पोरंबाळं जातात-येतात' या मुद्द्याला कोणी नाही म्हणत नाही, पण त्यावर आदेश निघत नाही.

'नेहमीची वाट' हे दुसरं हत्यार गावाच्या हातात आहे. गावात डांबरी रस्ता एक असतो आणि माणसं चालतात त्या वाटा दुसऱ्या असतात. शाळेच्या मागून नाल्याच्या काठाने, कोणाच्या खळ्यातून, दोन घरांच्या मधल्या गल्लीतून. निरीक्षक टेप घेऊन डांबरी रस्त्याने गेले आणि जवळची पायवाट सुटली, तर मोजणी चुकली. पंचनाम्याच्या वेळीच ती वाट दाखवा, चार लोकांचे जबाब लिहून घ्यायला सांगा आणि वाटेचे फोटो जोडा. नंतर सांगितलेली वाट, ती खरी असली तरी, मुद्दाम तयार केल्यासारखी दिसते. पंचनाम्यावर पंच म्हणून ज्यांच्या सह्या होतात ते गावातलेच असतात. मजकूर वाचल्याशिवाय सही करू नका आणि आकडा रिकामा असेल तर मुळीच करू नका.

देवळाबद्दल गावात मोठा गैरसमज आहे. नियमातली धार्मिक संस्थेची व्याख्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या अंगाने जाते. मारुतीचं देऊळ शंभर वर्षांचं असेल, माता मायचा ओटा त्याहून जुना असेल, पण धर्मादाय कार्यालयात नोंद नसेल तर 75 मीटरच्या मोजणीत तो मुद्दा लंगडा पडतो. बुद्धविहार आणि दर्ग्याचंही तसंच. अर्ज आल्यावर नोंदणीची धावपळ करण्यात अर्थ नाही. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी न्यास नोंदणीचा उतारा काढून आक्षेपाला जोडावा. ज्यांची नाही त्यांनी शाळा आणि स्टँडच्या अंतरावर भर द्यावा. फाट्यावरचा प्रवासी निवारा म्हणजे स्टँड नव्हे, अशी बाजू अर्जदार मांडतोच. त्यामुळे एकट्या निवाऱ्यावर आक्षेप उभा करू नये.

महामार्गाची अट वेगळी मोजायची. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या बाहेरच्या कडेपासून 500 मीटरच्या आत दुकानं नकोत असा आदेश दिला. 31 मार्च 2017 ला 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणांसाठी ते अंतर 220 मीटर केलं. जुलै 2017 मध्ये नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना सूट मिळाली. फेब्रुवारी 2018 मध्ये एखादी ग्रामपंचायत हद्द शहराच्या धाटणीची आहे का, हे ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं गेलं. त्यामुळे महामार्गावरच्या गावात अर्ज असेल तर निरीक्षकांना एकच प्रश्न विचारायचा: ही जागा 220 मीटरच्या बाहेर धरली आहे, की शहरी धाटणीची म्हणून सूट दिली आहे? सूट दिली असेल तर कशाच्या आधारावर, त्याची प्रत मागायची. 2017 मध्ये महामार्गावरून उठलेली कित्येक दुकानं वस्तीच्या आत सरकली. रस्त्यावरचा धोका कमी करायला केलेला नियम गावाच्या दाराशी येऊन टेकला, याचा विचार पुढे कोणी केला नाही.

स्थळपाहणीला पाचपैकी तीन. नियम इतका तपशीलवार आहे की प्रामाणिकपणे मोजलं तर वाद उरत नाही. गुण कापले ते मोजणीची वेळ गावाला आधी कळत नाही म्हणून. दवंडी नको, निदान ग्रामपंचायतीच्या फलकावर एक ओळ तरी लागावी.

प्रस्ताव निरीक्षकांकडून अधीक्षकांकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. या टप्प्यावर अर्जदाराने लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे कायदा मुळात दारूबंदीचा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. परवाना हा त्यातला अपवाद आहे. कागद पूर्ण आहेत म्हणून परवाना मिळालाच पाहिजे, असा हक्क उभा राहत नाही, कारण दारूचा धंदा मूलभूत हक्कात मोडत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलेलं आहे. पण नकार देताना कारण द्यावं लागतं. 'लोकभावना लक्षात घेता' एवढ्यावर नाकारलेला अर्ज अपिलात परत येण्याचा धोका असतो. 'पंचनाम्यानुसार शाळेच्या फाटकापासून 62 मीटर' असं लिहिलेला नकार टिकतो. म्हणून गावानेही भावनेचं निवेदन देताना सोबत एक आकडा आणि एक कागद द्यावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध अपील राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे जातं, त्याच्या पुढे शासनाकडे. दोन्ही ठिकाणं मुंबईत. अर्जदाराला ते परवडतं. बचत गटाच्या बायांना मेळघाटातून किंवा उमरखेडमधून तारखेला मुंबई गाठणं परवडत नाही. या सेवेत गावाच्या बाजूने सगळ्यात महाग टप्पा हाच आहे.

मंजुरीनंतर ग्रास या शासकीय पोर्टलवर चलनाने शुल्क भरायचं, अनुज्ञप्ती घ्यायची, काउंटरवर काम करणाऱ्यांचे नोकरनामे, म्हणजे तिथे काम करायचे परवाने, काढायचे. नोकरनामा नसलेला माणूस काउंटरवर सापडला तर गुन्हा अनुज्ञप्तीधारकावरही येतो. नवे धंदेवाले इथेच पहिल्यांदा अडकतात. बिअरला 21 आणि कडक दारूला 25 ही वयाची अटही काउंटरवरच्या माणसाला माहीत हवी.

राहिला बंद करण्याचा मार्ग, म्हणजे आडवी बाटली. 25 मार्च 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी 25 टक्के जणांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण नोंदलेल्या मतदारांच्या, किंवा महिलांचं मतदान असेल तर एकूण महिला मतदारांच्या, निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद होतं.

'एकूण नोंदलेल्या' या अटीतच सगळी लढाई आहे. समजा 1,800 मतदारांच्या गावात 880 महिला मतदार आहेत. निवेदनाला 220 सह्या पुरतात. पण दुकान बंद व्हायला 441 मतं लागतात. मतदानाला 520 बाया आल्या, आडवीला 430, उभीला 75 आणि 15 बाद, असा निकाल लागला तरी दुकान चालूच राहतं. आलेल्यांपैकी पाचात चार जणी बंदच्या बाजूने आहेत आणि तरी हार. जी आली नाही तिचं मत दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखंच होतं.

म्हणून या कामाची सुरुवात सह्यांपासून करू नये, मतदार यादीपासून करावी. यादी हातात घेऊन घरोघर फिरायचं आणि वारलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, कायमच्या पुण्या-नागपूरला राहायला गेलेल्या नावांवर खूण करायची. नाव वगळायला नमुना 7 भरून बीएलओकडे, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. मृत्यूचा दाखला असेल तर काम लवकर होतं. वरच्या गावात अशी 60 नावं निघाली तर महिला मतदार 820 राहतात आणि लागणारी मतं 411. त्याच 430 मतांनी आता बाटली आडवी होते. हे काम तीन-चार महिने आधी करावं लागतं. मतदानाची तारीख लागल्यावर यादीत हात घालता येत नाही.

सह्या मात्र 25 टक्क्यांवर थांबवू नका, 35-40 टक्के घ्या. पडताळणीच्या दिवशी अधिकारी एकेकीला ओळख विचारतात. कोणी वावरात असते, कोणी माहेरी, कोणाला घरच्यांनी येऊ दिलेलं नसतं, आणि 220 च्या सह्या 190 वर येतात. निवेदन तिथेच पडतं. सहीसमोर यादीतला अनुक्रमांक लिहिलेला असला तर पडताळणी सोपी जाते. नाव यादीत 'कमलाबाई' आणि सहीत 'कमल' असं असेल तर सही वाया जाऊ शकते, म्हणून नाव यादीत आहे तसंच लिहून घ्यावं. तारखेबाबतही प्रशासनाला आधीच लेखी विनंती करावी. वेचणी-सोंगणीचे दिवस टाळून मतदान असलं तर फरक शंभर-दीडशे मतांचा पडू शकतो. मतदानाच्या दिवशी वावरातून बाया आणायला गाडी लागते. हा खर्च कोण करणार ते आधी ठरवा.

आडवी बाटली परवान्याच्या दुकानालाच लागू होते. हातभट्टी, मोहाची दारू किंवा पानठेल्यावर विकली जाणारी देशी यांच्यावर तिचा काही उपाय नाही. त्यासाठी पोलिसांकडे 112 वर किंवा उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार, आणि 2016 च्या दुरुस्तीने आलेलं, अवैध दारूवर नजर ठेवणारं ग्रामरक्षक दल. परवान्याचं दुकान बंद झालं आणि ठेल्यावरची चालू राहिली, तर गावात पहिला प्रश्न दुकानदारच विचारतो, आणि त्याला उत्तर तयार ठेवावं लागतं. दोन्ही आघाड्या एकदमच उघडाव्यात.

बंद करण्याच्या मार्गाला पाचपैकी दीड. मार्ग आहे, गुप्त मतदान आहे, बायांना स्वतंत्र मत आहे, हे मोलाचं. पण 100 च्या हजेरीत उघडलेलं दुकान बंद करायला 441 लागावेत, हे माप कोणत्याही बाजूने बघितलं तरी बरोबर बसत नाही. उघडतानाही तीच निम्म्याची अट लावली असती तर अर्जदाराला गाव खरोखर सोबत आहे का ते कळलं असतं आणि गावाला नंतर धावपळ करावी लागली नसती.

नूतनीकरणाकडे शेवटचं लक्ष ठेवावं. अनुज्ञप्तीचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. अटींच्या भंगाबद्दल काही सांगायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच लेखी द्यावं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टेबलांवर नूतनीकरणाची गर्दी असते. तक्रारीत अनुज्ञप्ती क्रमांक, भंगाची तारीख, कोणती अट मोडली आणि सोबतचे फोटो एवढंच असावं, दीड पानाच्या वर जाऊ नये. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेवावी. ती नसेल तर तक्रार दिलीच नव्हती असं धरून पुढचं काम चालतं.